जुना संगणक आणि स्क्रीन: पत्रिका का जुळत नाही?

स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ किंवा बीबीसी मायक्रो असा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक माळ्यावरून खाली येतो, टीव्हीला वायर लागते आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. पहिला संशय मशीनवर जातो आणि लोक चिपा उपसायला घेतात. ते हात जरा आवरा. यातल्या पुष्कळ मशीन ठणठणीत असतात. गोंधळ खरेदीच्या क्रमात झालेला असतो. आधी मिळेल ती स्क्रीन, मग तिच्यासाठी कन्व्हर्टर, मग त्या कन्व्हर्टरसाठी आणखी एक कन्व्हर्टर. क्रम उलटा हवा: मशीन काय बाहेर सोडतं ते आधी लिहून काढायचं आणि ते घेणारी स्क्रीन शोधायची.

आधी मशीनची पत्रिका

कागदावर चार गोष्टी लिहा: सेकंदाला किती आडव्या ओळी, सेकंदाला किती चित्रं, सिग्नलचा प्रकार कोणता आणि त्याचं व्होल्टेज किती.

ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक घरच्या टीव्हीसाठी बनवले होते. त्यामुळे पाल (म्हणजे आपल्याकडच्या आणि ब्रिटनच्या टीव्ही पद्धतीचं) मशीन सेकंदाला साधारण १५,६२५ ओळी पाठवतं, म्हणजे १५.६ किलोहर्ट्झ, आणि ५० चित्रं. अमेरिकन एनटीएससी मशीन १५.७ किलोहर्ट्झ आणि ६० चित्रं. व्हीजीए मॉनिटरची सुरुवातच ३१.५ किलोहर्ट्झला होते, जवळजवळ दुपटीला. म्हणून आरजीबीच्या (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा नेणाऱ्या) तारा व्हीजीए प्लगला सोल्डर करून दिल्या की ‘आउट ऑफ रेंज’ येतं. वायर कितीही चांगली असली तरी ती ओळी दुप्पट करत नाही.

थोडे नेमके आकडे देतो, पुढे लागतील. स्पेक्ट्रम ४८के एका चित्रात ३१२ ओळी पाठवतो आणि चित्रांचा वेग ५०.०८ हर्ट्झ. स्पेक्ट्रम १२८ मध्ये ३११ ओळी, ५०.०२ हर्ट्झ. पाल कमोडोर ६४ मध्ये ३१२ ओळी, ५०.१२ हर्ट्झ. एनटीएससी कमोडोर ६४ मध्ये २६३ ओळी, ५९.८३ हर्ट्झ.

या आकड्यांत एक मेख आहे. दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण ६२५ ओळींचं असायचं, म्हणजे प्रत्येकी ३१२.५ ओळींचे दोन फेरे. त्या अर्ध्या ओळीमुळे दुसरा फेरा पहिल्याच्या फटींत बसतो. यालाच इंटरलेस म्हणतात. स्पेक्ट्रम ती अर्धी ओळ पाठवतच नाही, दर वेळी त्याच ३१२ ओळी त्याच जागी काढतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला याचं काहीच वाटत नाही. एलसीडी टीव्हीतली चिप मात्र अर्धी ओळ शोधत बसते. सापडली नाही की काही टीव्ही सिग्नलच नाकारतात, आणि काही तो इंटरलेस समजून दोन चित्रं एकमेकांत विणतात. मग आडव्या रेघा थरथरतात आणि हलणाऱ्या आकृत्यांना कंगव्यासारखे दात फुटतात.

आणखी एक हिशेब करून ठेवा: मशीनचा पिक्सेल किती वेगाने बदलतो. स्पेक्ट्रमचा पिक्सेल क्लॉक ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक काळा एक पांढरा असे ठिपके दाखवायला ३.५ मेगाहर्ट्झ लागतात. हे साध्या कंपोझिटमधून, म्हणजे पिवळ्या सॉकेटच्या एकाच तारेतून, कसंबसं जातं. बीबीसीच्या मोड ० ला, म्हणजे ८० अक्षरांच्या ओळीला, १६ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे, म्हणजे ८ मेगाहर्ट्झ लागतात. पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेला असतो आणि टीव्ही त्याच्या आसपासचा तपशील गाळून टाकतो. तेव्हा ८० अक्षरं रंगीत कंपोझिटवर वाचता येणार नाहीत. तिथे टीव्ही बदलून उपयोग नाही, आरजीबीच लागेल किंवा चांगला कृष्णधवल मॉनिटर.

लक्षण बघा, मग दोष

*पडदाभर मुंग्या, चित्र सापडतच नाही.* हा आरएफचा, म्हणजे अँटेनाच्या सॉकेटमधून जाणाऱ्या रेडिओ सिग्नलचा प्रश्न. ब्रिटिश स्पेक्ट्रम यूएचएफ चॅनेल ३६ वर, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. आपल्याकडच्या जुन्या कृष्णधवल पोर्टेबल टीव्हींत फक्त व्हीएचएफ ट्यूनर असायचा. अशा संचावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बटण फिरवलंत तरी स्पेक्ट्रम सापडणार नाही. नव्या टीव्हीत ऑटो ट्यूनिंग वापरू नका, ते असला सिग्नल ओलांडून पुढे जातं. ॲनालॉग ट्यूनरमध्ये मॅन्युअल शोध निवडा, ५८५ मेगाहर्ट्झपासून हळूहळू वर या आणि सापडल्यावर फाइन ट्यून करा. मेनूत ‘ब्लू बॅक’ किंवा निळ्या पडद्याची सोय असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर अर्धवट लागलेलं चित्रही टीव्ही निळ्या रंगाखाली झाकून टाकतो.

घरात जुना व्हीसीआर पडला असेल तर फेकू नका. त्याचा ट्यूनर टीव्हीपेक्षा सोशिक असतो. स्पेक्ट्रमची आरएफ वायर व्हीसीआरच्या अँटेना इनमध्ये द्या, त्यावर चॅनेल लावा आणि व्हीसीआरच्या पिवळ्या सॉकेटमधून टीव्हीला कंपोझिट घ्या. मशीन न उघडता झालेला हा सगळ्यात स्वस्त उपाय.

*चित्र आहे, आवाज नाही.* ब्रिटनच्या पाल-आय पद्धतीत आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्या पाल-बी आणि जी पद्धतीत ५.५ वर. त्यामुळे स्पेक्ट्रम १२८ चं चित्र लागतं आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते. टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टिम ‘आय’ करा. ती सोय नसेल तर आवाज वेगळ्या वायरने काढा. स्पेक्ट्रम ४८के असेल तर काही शोधू नका, त्याचा बीपर मशीनच्या पोटातच वाजतो.

*चित्र येतं, पण कृष्णधवल.* याची कारणं बरीच आहेत, स्वस्त तपासणीपासून सुरुवात करा. नव्या टीव्हींवर एकच हिरवं-पिवळं सॉकेट कंपोझिट आणि कॉम्पोनंट (तीन तारांनी येणारं चित्र) दोन्हींसाठी असतं. मेनूत कॉम्पोनंट निवडलेलं राहिलं तर कंपोझिट सिग्नल बारीक ठिपक्यांची जाळी असलेला काळा-पांढरा दिसतो. इनपुट ‘एव्ही’ करा, रंग आला तर काम संपलं. नाही आला तर रंगपद्धत ‘ऑटो’वरून हाताने पाल किंवा एनटीएससी करा. तरीही नाही, तर मशीनचं माहितीपत्रक बघा. कमोडोरच्याच अमिगा ५०० चं कंपोझिट सॉकेट मुळातच कृष्णधवल आहे. बीबीसी मायक्रोचं बीएनसी सॉकेटही कारखान्यातून तसंच येतं, नंतरच्या बोर्डांवर एस३९ हा लिंक जोडला की त्यात रंग मिसळतो. स्पेक्ट्रममध्ये मात्र रंग गेला असेल तर ४.४३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलजवळचा छोटा ट्रिमर बघा. वयाबरोबर त्याची वारंवारता सरकते आणि टीव्ही रंग सोडून देतो. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा. धातूचा स्क्रूड्रायव्हर लावला की त्यानेच वारंवारता बदलते आणि हात काढला की रंग परत जातो.

*चित्र खालीवर पळतं.* एनटीएससी मशीन जुन्या, फक्त पाल टीव्हीवर लावलं की असं होतं. मागे व्ही-होल्डचा खुंटा असेल तर चित्र थांबतं, रंग मात्र येत नाही. २००० नंतर आपल्याकडे विकले गेलेले बरेचसे रंगीत टीव्ही दोन्ही पद्धती घेतात, त्यामुळे असा संच मिळवणं सोपं.

*चित्र भडक, पांढरी अक्षरं फुटलेली.* ७५ ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे तारेच्या टोकाला स्क्रीनने द्यायचा भार, बंद आहे. जुन्या कृष्णधवल मॉनिटरच्या आणि स्टुडिओ मॉनिटरच्या मागे ‘७५ ओहम / हाय’ असा खटका असतो. एकच स्क्रीन असेल तर तो ७५ वर हवा, नाहीतर सिग्नल दुप्पट होतो. याच्या उलट, वाय जोडणी करून दोन स्क्रीन लावल्या की सिग्नल दोन-तृतीयांशावर येतो आणि दोन्हीकडे चित्र मळकट दिसतं.

*दोन आडवे पट्टे सावकाश सरकतात.* अडॅप्टरमधला मोठा कॅपॅसिटर सुकलाय. विजेची १०० हर्ट्झची लहर चित्रात उतरते. चित्राचा वेग ५०.०८ आणि विजेचा ५० च्या आसपास, म्हणून पट्टे एका जागी न थांबता तरंगत राहतात. स्क्रीन बदलू नका, अडॅप्टर बदला. बदलताना स्पेक्ट्रमच्या प्लगची उलटी तऱ्हा लक्षात ठेवा: ९ व्होल्ट, आतलं टोक ऋण आणि बाहेरचं धन. बाजारातला साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर बहुधा आत धन असतो, तो तसाच खुपसला तर पुढचा खर्च स्क्रीनपेक्षा मोठा.

*साडेतीन मिलिमीटरचा एव्ही जॅक, चित्र हिरमुसलेलं आणि स्पीकरमधून गुंजन.* पातळ टीव्हीला पिवळं सॉकेट न देता हेडफोनसारखा चार कड्यांचा जॅक देतात आणि त्या कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. मल्टिमीटर सातत्य चाचणीवर ठेवा. पिवळ्या आरसीए प्लगची बाहेरची कडा जॅकच्या कोणत्या कड्याशी जोडली आहे ते बघा. मशीन बंद ठेवून तेच कडं टीव्हीच्या सॉकेटमध्येही जमिनीला (ग्राउंडला) जोडलेलं आहे का ते तपासा. जमीन जुळत असेल तर नुसते पिवळा आणि लाल-पांढरा प्लग आपापसांत बदलून काम होतं. जमीनच वेगळ्या कड्यावर असेल तर वायर त्या टीव्हीची नाही, दुसरी घ्या.

स्पेक्ट्रम: आरएफचा नाद सोडून कंपोझिट

डेसिबेल्स कंपनीने भारतात परवान्याने विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस अजून अधूनमधून भंगारात सापडतो, त्यामुळे स्पेक्ट्रमसाठी जरा थांबू.

मॉड्युलेटर म्हणजे बोर्डाच्या डावीकडची धातूची डबी. तिच्यात बाजूने दोन तारा शिरतात, एक ५ व्होल्टची आणि दुसरी कंपोझिट चित्राची. म्हणजे हवं ते चित्र आत तयार आहेच, डबी ते विनाकारण रेडिओ लहरीवर चढवते आणि टीव्ही पुन्हा उतरवतो. ही फेरी वाचवायची.

वीज काढा. झाकण उघडताना कीबोर्डच्या दोन पट्ट्या सरळ वर ओढून काढा. चाळीस वर्षांत त्या कुरकुरीत झालेल्या असतात, वाकवल्या की तुटतात. मल्टिमीटरने ५ व्होल्टची तार कोणती ते नक्की करा, नुसत्या अंदाजावर सोल्डरिंग नको. दोन्ही तारा डबीपासून सोडवा आणि ५ व्होल्टच्या टोकावर श्रिंक स्लीव्ह चढवा. डबीचं झाकण काढून आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनकडे येणारा छोटा रेझिस्टर एका बाजूने उचला. आता चित्राची तार आणि ती मधली पिन यांच्यामध्ये १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावा, धन टोक बोर्डाकडे.

कॅपॅसिटर किती? १०० मायक्रोफॅरड लावायची पद्धत आहे. पण ७५ ओहमच्या भारावर तो एका चित्राच्या २० मिलिसेकंदांत बराच रिकामा होतो आणि पडद्याचा वरचा भाग खालच्यापेक्षा उजळ दिसू शकतो. २२० किंवा ४७० लावा, फरक दोन-चार रुपयांचा. त्यानंतरही एलसीडीवर चित्र अंधारं वाटलं तर एक एनपीएन ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर म्हणून (सिग्नलला जोर द्यायला) मध्ये घालता येतो, एमिटरपासून ७५ ओहमच्या रेझिस्टरने बाहेर.

कंपोझिट झालं तरी ३१२ ओळींची मेख राहतेच. म्हणून काही एलसीडी टीव्हींवर चित्र येतं-जातं, दर दोन सेकंदांनी निळा पडदा. सोल्डरिंग पुन्हा उकरू नका, आधी दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा.

१२८ मालिकेत आठ पिनांचं आरजीबी सॉकेट आहे: १ वर कंपोझिट, २ जमीन, ४ सिंक (ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा सिग्नल), ६ हिरवा, ७ लाल, ८ निळा. आता सावधगिरी. काळ्या प्लस २ए आणि प्लस ३ मध्ये याच सॉकेटच्या पिन १ वर १२ व्होल्ट असतात. करड्या प्लस २ साठी केलेली कंपोझिट वायर तिथे लावली तर ते १२ व्होल्ट थेट टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटमध्ये जातात. वायरवर मशीनचं नाव लिहून ठेवा.

बीबीसी मायक्रो

१९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक शिक्षणाच्या प्रकल्पातून बीबीसी मायक्रो भारतातल्या शाळांत पोचले, आणि शाळांच्या अडगळीतून ते आजही बाहेर पडतात. पहिल्यांदा वीज देण्याआधी पॉवर सप्लायमधले रिफा बनावटीचे पिवळसर पारदर्शक कॅपॅसिटर बघा. त्यांच्या अंगावर तडे दिसले तर बदला. नाहीतर काही मिनिटांत फट् असा आवाज आणि खोलीभर कडवट धूर. मशीनला त्याने सहसा इजा होत नाही, घरच्यांची परवानगी मात्र जाते.

आरजीबीचं सहा पिनांचं डिन सॉकेट असं आहे: १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ सिंक, ५ जमीन, ६ वर ५ व्होल्ट. रंग टीटीएल पातळीचे आहेत, म्हणजे चालू किंवा बंद, मधली छटा नाही. ॲनालॉग आरजीबी स्क्रीनला ०.७ व्होल्ट हवे असतात. ते कमी करायला प्रत्येक रंगाच्या तारेत एकेक रेझिस्टर. मोजणी सोपी आहे: स्क्रीनच्या आत ७५ ओहम आहेत, तेव्हा ५ व्होल्टचे ०.७ करायला वर साधारण ४६० ओहम हवेत, बाजारात ४७० मिळतो. भाराखाली पातळी ३.५ व्होल्टच असेल तर ३०० ओहम पुरतात. आधी ४७० लावून बघा, फिकं दिसलं तर ३३० वर या. सिंकच्या तारेतही ४७० घाला. टीटीएल सिंक थेट देऊन स्केलरचं (चित्र नव्या स्क्रीनसाठी बदलणाऱ्या डबीचं) इनपुट उडवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

‘मशीन चालू केलं की चित्र दिसतं, गेम लावला की निळा पडदा’ ही तक्रार बीबीसीची खास. सुरुवातीला मशीन इंटरलेस पाठवतं, टीव्ही खूश असतो. काही गेम व्हिडिओ चिपचा इंटरलेस बंद करतात आणि ती अर्धी ओळ गायब होते. खात्री करायची तर *टीव्ही ०,१ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या आणि मोड ४ मध्ये जा. आज्ञा पुढच्या मोड बदलाला लागू होते. तेव्हा चित्र गेलं तर दोष टीव्हीच्या समजुतीचा. हीच आज्ञा ट्यूबच्या टीव्हीवर उलट फायद्याची, मोड ० मधली आडव्या रेघांची थरथर तिने थांबते.

बीबीसीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: आरजीबी-टू-एचडीएमआय नावाचा रास्पबेरी पाय झीरो आणि सीपीएलडी चिपचा जोड घ्या. तो मुळात याच मशीनसाठी तयार झाला. टीटीएल सिग्नल तो ठिपक्याला ठिपका मोजून घेतो, त्यामुळे ८० अक्षरांची ओळ छापल्यासारखी दिसते. वीजही पिन ६ वरून मिळते. रेझिस्टरची वरची सगळी यातायात त्याला लागत नाही, त्याला टीटीएलच हवं असतं.

कमोडोर ६४ आणि अमिगा

कमोडोरच्या बाबतीत स्क्रीनच्या आधी अडॅप्टर. तो काळा, विटेसारखा जड अडॅप्टर म्हातारा झाला की ५ व्होल्टच्या जागी जास्त देतो आणि मेमरी चिपा जाळतो. सात पिनांच्या प्लगवर पिन ५ आणि २ मध्ये मोजा, ५.२५ च्या वर असेल तर मशीनला लावूच नका. आणि अशा अडॅप्टरचा दोष थंड असताना दिसेलच असं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

व्हिडिओचं सॉकेट आठ पिनांचं असेल तर पिन १ वर उजेडाचा सिग्नल, ६ वर रंगाचा, ४ वर कंपोझिट, ३ वर आवाज, २ जमीन. १ आणि ६ वेगळे घेतले की एस-व्हिडिओ तयार. रंगाचा सिग्नल मात्र एस-व्हिडिओच्या मानाने जोरकस आहे, त्या तारेत ३३० ओहम घाला, नाहीतर लाल-निळे रंग शेजारच्या ठिपक्यांवर ओघळतात. प्लग विकत घेताना आठ पिनांच्या डिनचे दोन आकार असतात हे विसरू नका. कमोडोरला २६२ अंशांचा लागतो, दुसरा बसत नाही. सॉकेट पाच पिनांचं असेल तर रंगाची पिन नाही. पण पिन १ एकटीच पिवळ्या सॉकेटला जोडून बघा: काळं-पांढरं, तरी लखलखीत चित्र. प्रोग्रॅम लिहायला हेच बरं.

अमिगाचं आरजीबी ॲनालॉग आहे, ०.७ व्होल्टचं, रेझिस्टर नकोत. फक्त सिंक (पिन १०) टीटीएल आहे, तिच्यात ४७०. तेवीस पिनांचा प्लग बाजारात सहज मिळत नाही. पंचवीस पिनांचा घ्या आणि एका टोकाच्या दोन पिना करवतीने कापा.

मग घ्यायचं काय?

आपल्या फायद्याची एक गोष्ट आधी. भारतात विकला जाणारा टीव्ही ५० हर्ट्झ घेतोच, कारण आपलं प्रक्षेपणच त्या वेगाचं. संगणकाचे मॉनिटर मात्र बहुतेक ५६ हर्ट्झच्या खाली यायला तयार नसतात. म्हणून पाल मशीनसाठी दोन्हींत निवड असेल तर टीव्ही घ्या. अमेरिकेहून आलेल्या ६० हर्ट्झच्या मशीनला मॉनिटर चालतो.

सगळ्यात कमी डोकेदुखी हवी असेल तर २१ इंची, ट्यूबचा, एव्ही इनपुट असलेला टीव्ही. युरोपातल्या माहितीत पदोपदी स्कार्ट सॉकेट येतं, आपल्याकडच्या टीव्हींत ते सहसा नाही. आरजीबी हवं तर ते कॉम्पोनंटमध्ये बदलणारी डबी घ्या आणि २००० नंतरच्या फ्लॅट ट्यूबच्या टीव्हीतल्या कॉम्पोनंट सॉकेटला लावा. ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेले ट्यूब टीव्ही टाळा. ते आत चित्र साठवून दुप्पट वेगाने दाखवतात, म्हणजे एलसीडीचे सगळे दोष ट्यूबच्या वजनासकट.

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा गल्लीतल्या मेकॅनिककडे संच बघताना तो थंड असतानाच चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेला संच म्हणजे काहीतरी झाकलंय. चित्र मिनिटभराने, लालसर, मळकं उगवलं तर ट्यूब वीक आहे, सोडून द्या. ब्राइटनेस वाढवल्यावर पांढऱ्या अक्षरांची उजवी बाजू ओघळते, हेही तेच लक्षण. वर-खाली चित्र आक्रसलं असेल किंवा कडा आत वाकल्या असतील तर घाबरू नका, कॅपॅसिटर बदलून दुरुस्त होतं, भाव मात्र पाडून घ्या. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग असतील तर स्पीकर किंवा लोहचुंबक जवळ होता. संच अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावा, ट्यूबवरचं चुंबकत्व पुसणाऱ्या डिगॉस कॉइलचा थर्मिस्टर थंड झाल्याशिवाय ती पूर्ण ताकदीने चालत नाही. मागचं झाकण स्वतः उघडू नका, ट्यूबवर वीस हजार व्होल्टहून जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही उरतात.

ट्यूब ठेवायला जागा नाही? मग एलसीडी. जुन्या ऑफिसच्या मालात डेल २००१एफपी किंवा २००७एफपी मिळाला तर उचला: ४:३ आकार, कंपोझिट आणि एस-व्हिडिओ दोन्ही. बेनक्यूचे बीएल७०२ए आणि बीएल९१२ हे मॉनिटर व्हीजीएवरच १५ किलोहर्ट्झ घेतात, अमिगावाले त्यांच्या मागावर असतात.

कन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. दोन-पाचशे रुपयांची पिवळं-ते-एचडीएमआय डबी चित्र दाखवते, पण ३१२ ओळींना इंटरलेस समजते आणि ६० हर्ट्झवर बदलून देते. दर पाचवं चित्र दोनदा दिसतं, म्हणजे सेकंदाला दहा धक्के. बेसिक शिकायला चालेल, गेमला नाही. खटका ५० वर असेल तर तो वापरा. जीबीएस-८२०० हा बोर्ड आरजीबी घेऊन व्हीजीए देतो. मूळ प्रोग्रॅमवर तोही असाच अडखळतो, ईएसपी८२६६ जोडून जीबीएस-कंट्रोल चढवला की माणसात येतो. रेट्रोटिंक २एक्स प्रो कंपोझिट आणि एस-व्हिडिओ घेतो, कमोडोरसाठी नेमका. ओएसएससी फक्त आरजीबी आणि कॉम्पोनंट घेतो, कंपोझिट नाही. हे न बघता मागवणारे बरेच. तो ओळी दुप्पट करून ३१.२५ किलोहर्ट्झ देतो आणि वेग ५०.०८ च ठेवतो, म्हणून अडखळणं शून्य. पण स्क्रीनने तो वेग स्वीकारला पाहिजे, तेव्हा पुन्हा टीव्हीच बरा. काहीही लावलं तरी टीव्हीत गेम मोड चालू करा आणि आकार ४:३ ठेवा. गोल वर्तुळ लंबगोल दिसलं की मशीनला दोष देऊ नका.

ट्यूबचा संच मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याचा वेगळा हिशेब. महिना-दोन महिने बंद राहिलेला संच जुलैत एकदम चालू केला की ईएचटीच्या (ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या वायरच्या) रबरी कपाभोवती साचलेल्या धुळीत ओल धरलेली असते. चरचर आवाज, ओझोनचा वास आणि चित्रात आडव्या ठिणग्या ही त्याची खूण. लगेच बंद करा, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा आणि मेकॅनिककडून कपाभोवतीची धूळ पुसून घ्या. त्यानंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास तो चालू ठेवला की आतली ओल टिकत नाही.